किल्लारीचा भूकंप: आई आणि मुलांपर्यंत मदत कशी पोहोचली, आणि आज मदत करताना त्यातून काय शिकावे?

कुठे पूर आला, भूकंप झाला, दरड कोसळली की काही तासांत मोबाइलवर आवाहने फिरू लागतात. जुने कपडे द्या, दूध पावडर द्या, या नंबरवर पैसे पाठवा. पाठवणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ओली बाळंतीण, सातव्या महिन्यातली गरोदर बाई, आई-वडील गमावलेले पाच वर्षांचे मूल यांना नेमके काय लागते, याचा विचार त्या गडबडीत मागे पडतो.

महाराष्ट्राने हा धडा १९९३ मध्ये किल्लारीत घेतला. तिथे पहिल्या आठवड्यात मदतीचा पूर आला. खरा प्रश्न त्यानंतरच्या महिन्यांचा आणि वर्षांचा होता. त्या काळात जे टिकले, त्यातूनच आज मदत कशी करावी हे समजते.

थोडक्यात

- किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली.
- संकटात गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्या गरजा इतरांपेक्षा वेगळ्या असतात.
- बाळांसाठी दूध पावडर आणि बाटल्या वाटणे धोक्याचे असते. भारतात त्यावर कायद्याने बंदी आहे.
- अनाथ मूल परस्पर दत्तक घेता किंवा देता येत नाही. अशा मुलाची माहिती १०९८ या क्रमांकावर द्यावी.
- वस्तूंपेक्षा पैसे, आणि एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दीर्घकाळ दिलेली थोडी मदत अधिक उपयोगी पडते.

त्या पहाटे काय घडले?

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस होता. गणपतीचे विसर्जन उरकून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांना सर्वाधिक फटका बसला. सुमारे १६ हजार लोक जखमी झाले. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती नव्या जागी वसवावी लागली.

दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानले जात असे. तरी १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये याच भागात लहान धक्के बसले होते. भीतीने काही लोक घराबाहेर झोपू लागले, आणि धक्के थांबल्यावर पुन्हा आत आले.

भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने फार मोठी नव्हती, पण केंद्र उथळ होते आणि घरे जड होती. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी खणांचे माळवद आणि माळवदावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छत त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले. बाहेर किंवा शेतात झोपलेले काही जण वाचले. घराच्या आत, मुलांना कुशीत घेऊन झोपलेल्या स्त्रियांना ती संधी मिळाली नाही. नंतर झालेल्या अभ्यासांतही मृतांमध्ये स्त्रिया आणि मुलांचे प्रमाण मोठे असल्याचे दिसले.

आई आणि मुलांच्या गरजा वेगळ्या का असतात?

आपत्ती सर्वांवर एकाच वेळी येते, पण सगळ्यांचे नुकसान सारखे नसते. त्याची मुख्य कारणे अशी:

- बाळंतपण थांबत नाही. रस्ता वाहून गेला, दवाखाना पडला, तरी कळा ठरल्या वेळी येतात. वेळेवर रक्तस्राव थांबवता आला नाही, तर जीव वाचवायला फार थोडा अवधी असतो.
- लहान मूल लवकर खचते. जुलाबामुळे मोठ्या माणसाला थकवा येतो, पण तान्ह्या बाळाच्या शरीरातले पाणी काही तासांत कमी होऊन जिवावर बेतू शकते.
- आडोसा जातो. छावणीत संडास दूर असेल, दिवा नसेल, तर बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि अंधार पडण्याची वाट पाहतात. त्यातून लघवीचे आजार आणि छेडछाडीचा धोका वाढतो.
- कागदपत्रे पुरुषांच्या नावावर असतात. सातबारा, घराचा उतारा, बँकखाते यांवर नाव नसलेल्या विधवेला स्वतःचा हक्क सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

यासाठी आज काही मोजमापे ठरलेली आहेत. आपत्तीतील मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्फिअर' निकषांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा हवी. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांत प्रौढांसाठी रोज २,४०० आणि लहान मुलांसाठी १,७०० उष्मांकांचे अन्न, तसेच स्त्रियांसाठी स्वतंत्र संडास आणि सॅनिटरी पॅड यांचा समावेश आहे. किल्लारीच्या वेळी यातले काहीच लेखी नव्हते. स्फिअरचे काम १९९७ मध्ये सुरू झाले आणि आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला.

पहिल्या दिवसांत काय लागते?

भूकंपानंतर लगेच पाऊस सुरू झाला. ढिगारे उपसणे कठीण झाले, आणि बघ्यांच्या गर्दीने रस्ते अडले. अशा वेळी आई आणि बाळासाठी तीन गोष्टी सर्वात महत्त्वाच्या ठरतात.

सुरक्षित बाळंतपण. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मदतसंस्था आपत्तीच्या पहिल्या दिवसापासून ज्या किमान सेवा द्यायच्या असतात त्यांत बाळंतपणाचे साधे किट येते. त्यात प्लास्टिकची स्वच्छ चादर, साबण, नवे ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि हातमोजे असतात. ही वस्तू स्वस्त आहे, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू त्यामुळे टळतात. त्यासोबत गंभीर बाईला मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी चोवीस तास वाहन लागते.

आईचे दूध. आपत्तीनंतर 'भीतीने दूध आटले' असे अनेक आयांना वाटते आणि आसपासची माणसेही तसेच म्हणतात. प्रत्यक्षात धक्क्यामुळे पान्हा फुटायला थोडा वेळ लागू शकतो, पण दूध बनणे बंद होत नाही. बाळाला वारंवार पाजत राहिले, आईला पोटभर जेवण, पाणी आणि आडोशाची जागा मिळाली की पान्हा पूर्ववत होतो.

इथेच चांगल्या हेतूने केलेली मदत घात करू शकते. पावडरचे दूध बनवायला उकळलेले पाणी आणि स्वच्छ भांडी लागतात, आणि छावणीत नेमके तेच नसते. इंडोनेशियातील योग्यकार्ता इथे २००६ च्या भूकंपानंतर बाळांसाठी दूध पावडर मोठ्या प्रमाणात वाटली गेली. ती मिळालेल्या दोन वर्षांखालील मुलांमध्ये जुलाबाचे प्रमाण न मिळालेल्या मुलांच्या दुप्पट आढळले. भारतात बाळांसाठीचे पर्यायी दूध आणि बाटल्या वाटण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, आणि अपवाद फक्त अनाथालयांचा आहे. हा कायदा किल्लारीच्या भूकंपाआधी दोनच महिने, ऑगस्ट १९९३ मध्ये अमलात आला होता. ज्या बाळाची आई खरोखरच उरली नाही, त्याच्यासाठी पर्यायी दूध लागते, पण ते डॉक्टर किंवा आरोग्य सेविकेच्या देखरेखीखाली.

मुलांसाठी जागा. तंबूत किंवा शेडमध्ये रोज दोन-तीन तास खेळ, गाणी, चित्रे यांसाठी एक सुरक्षित जागा ठेवली तर मुलांचे झोपेत दचकणे आणि गप्प बसणे हळूहळू कमी होते. कुपोषण, आजार किंवा छळ झालेले मूलही अशाच ठिकाणी कार्यकर्त्यांच्या नजरेस येते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित मानले जाते. हे मोजायला फक्त एक रंगीत पट्टी लागते.

आई-वडील गमावलेली मुले कुठे गेली?

किल्लारीनंतर हा सर्वात अवघड प्रश्न होता. अनेक संस्था पुढे आल्या आणि त्यांनी वेगवेगळे मार्ग धरले.

पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्ग इथे 'आपलं घर' सुरू केले. मुलांना त्यांच्याच मुलखात ठेवून सांभाळायचे आणि शिकवायचे, ही त्यामागची धारणा होती. लातूरजवळ हरंगुळ इथे जनकल्याण समितीचे निवासी विद्यालय उभे राहिले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्यासाठी वाघोलीत उभारलेल्या शैक्षणिक संकुलात पुढे मेळघाटातली आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलेही शिकली.

दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे आहेत. शहरात शाळा चांगली मिळते, पण आजी, मामा, काका आणि गावाची भाषा दूर जाते. गावाजवळ नात्यांचा धागा टिकतो, पण साधने कमी पडतात. या संस्थांनी महिन्याभरात काम आटोपले नाही, आणि तीच त्यांची मोठी बाजू. मूल शिकून स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत सोबत करावी लागते, हे त्यांनी स्वीकारले.

आज याबाबत कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार एकटे सापडलेले मूल बालकल्याण समितीसमोर न्यावे लागते. आधी नातेवाइकांचा शोध घेतला जातो. संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय, आणि दत्तक प्रक्रिया फक्त केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत होते. मूल नातेवाइकांच्या घरी वाढावे म्हणून महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. २०२३ मधील वाढीनंतर तिच्यात प्रत्येक मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात.

विधवा झालेल्या स्त्रियांचे काय?

भरपाईचा धनादेश आला की कुटुंबातली नाती बदलतात. पैसे सासऱ्याच्या हाती की सुनेच्या, मुलांचा ताबा कोणाकडे, शेत कोण कसणार, असे प्रश्न एकदम उभे राहतात. दुःखात असलेली, शिक्षण कमी असलेली बाई अशा वेळी अंगठा उठवून मोकळी होते.

म्हणून आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद करण्यास सांगितले आहे. राष्ट्रीय निकषांनुसार त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवायची, विधवेला १५ दिवसांत प्रमाणपत्र आणि ४५ दिवसांत आर्थिक मदत द्यायची असते. ही तरतूद अनेकांना माहीत नसते. आपत्तीग्रस्त गावात काम करणाऱ्याने एखाद्या बाईला स्वतःच्या नावाचे बँकखाते उघडून दिले आणि तिच्यासोबत तहसील कार्यालयात गेला, तर ती मदत शंभर ब्लँकेटांपेक्षा मोलाची असते.

पत्र्याच्या शेडपासून नव्या गावापर्यंत

भूकंपानंतर कुटुंबे पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहायला गेली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असे शेड दुपारी भट्टीसारखे तापते, आणि तान्ही मुले घेऊन बायकांना तिथेच दिवस काढावे लागले. कायमच्या घरांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण पडलेली गावे नव्या जागी बांधायची, आणि तडे गेलेली घरे मालकांनी सरकारी अर्थसाहाय्यातून स्वतः दुरुस्त व मजबूत करायची, असे त्याचे दोन भाग होते.

नव्या गावांची आखणी सरळ रेषांत, रुंद रस्त्यांची आणि ऐसपैस झाली. घरे सुरक्षित झाली, पण बोळांमुळे जवळ असलेला शेजार विरळ झाला. जुन्या गावात बाई शेतावर गेली तर पलीकडच्या घरातली आजी मूल बघायची. नव्या गावात ती आजी चार रस्ते पलीकडे राहायला गेली. कोणत्याही नकाशात न दिसणारे हे नुकसान आईच्या वाट्याला अधिक आले.

दुरुस्तीच्या कामात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. घराला मजबुती कशी द्यायची, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, गवंडी काम नीट करतो का, हे या बायका समजून घेत आणि घरोघरी सांगत. काल मदतीच्या रांगेत उभी असलेली बाई इंजिनिअरला प्रश्न विचारू लागली. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशाच स्त्रिया तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

आरोग्यातही असेच झाले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर इथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. देशात 'आशा' कार्यकर्त्यांची योजना २००५ मध्ये आली, त्याच्या बरेच आधी. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरमध्ये 'स्पर्श' ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. तिथे आजही पंचक्रोशीतल्या स्त्रियांची बाळंतपणे होतात.

आज मदत करायची असेल तर

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी आणि पुराने मराठवाड्यातली अनेक गावे पाण्याखाली गेली. पुढची आपत्ती कधी येईल हे सांगता येत नाही, पण तयारी आत्ताच करता येते.

*पैसे देताना*

- मुख्यमंत्री साहाय्यता निधीत दिलेली रक्कम आयकरात पूर्ण वजावटीस पात्र असते. मात्र ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते.
- संस्थेला देणगी देताना करसवलतीची नोंदणी, पावती आणि मागील वर्षांचा लेखाजोखा बघावा. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवर करसवलत मिळत नाही.
- क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव आले तर थांबावे.

*वस्तू देताना*

- आधी स्थानिक अंगणवाडी सेविका, आशा ताई किंवा तहसील कार्यालयाकडून यादी घ्यावी.
- सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रे, बाळाचे सुती कपडे, साबण, ओआरएसची पाकिटे, झाकणाची पाण्याची भांडी, सौर दिवे या वस्तू नेहमी कमी पडतात.
- जुने कपडे पाठवू नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला अशा कपड्यांचे ढीग पडून होते.
- बाळाची दूध पावडर आणि बाटली पाठवू नये. त्याऐवजी आईसाठी शेंगदाणे, गूळ, डाळी, फुटाणे द्यावेत.

*पोस्ट शेअर करताना*

- रडणाऱ्या किंवा अनाथ मुलाचा फोटो, नाव आणि गाव टाकू नये. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे.
- 'आई-वडील गेले, बाळ दत्तक द्यायचे आहे, संपर्क साधा' असे संदेश कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये खूप फिरले. त्यातून मुलांची विक्री होऊ शकते. असा संदेश पुढे न पाठवता १०९८ वर कळवावा.
- फोटो आणि तारीख तपासावी. जुन्या पुराचे फोटो दरवर्षी नव्याने फिरतात.

*लक्षात ठेवायचे क्रमांक*

- १०९८: संकटातील मुले
- ११२: आपत्कालीन मदत
- १०८: रुग्णवाहिका
- १०२: गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी वाहन
- १८१: महिला हेल्पलाइन

मदत कधी संपते?

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना आदरांजली वाहिली जाते. त्या पहाटे तान्ही असलेली मुले आता तिशी ओलांडून स्वतः आई-बाप झाली आहेत. त्यांना उभे करणाऱ्या मदतीत पहिल्या आठवड्याच्या ट्रकांचा वाटा होताच. पण नंतर वर्षानुवर्षे भरलेली शाळेची फी, गावातच तयार झालेली भारतवैद्य आणि घराच्या भिंतीवर हात ठेवून गवंड्याला जाब विचारणारी बाई यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

म्हणून पुढच्या वेळी आवाहन आले की देणगीसोबत मोबाइलमध्ये एक आठवण लावून ठेवता येईल: सहा महिन्यांनी त्याच संस्थेला फोन करून तिथल्या आयांना आणि मुलांना आता काय हवे आहे, हे विचारण्याची. बातम्या थांबलेल्या असतात, आणि विचारणारे फार थोडे उरलेले असतात. त्या वेळी पोहोचलेली मदत सर्वाधिक कामी येते.